निळे, पिवळे, निळे

व्हरांड्यात पावले वाजली की संगीताच्या बाईंचा उजवा हात आपोआप टेपरेकॉर्डरकडे जाई आणि आवाज निम्म्यावर येई. पावले शिपायाची असोत, वर्ग चुकलेल्या एखाद्या पालकाची असोत की स्वतः मुख्याध्यापिकांची; हाताला तो भेद कळत नसे. मुलांच्या हे इतके अंगवळणी पडले होते की आवाज उतरताच ती आपण होऊन पुढे झुकत आणि पावले लांब गेली की पुन्हा मागे टेकत. तेवीस वर्षांच्या नोकरीत बाईंना कोणी वावगा शब्द बोलले नव्हते. तरीही रोज सकाळी शाळेचे फाटक ओलांडताना त्यांना जी भीती वाटे, ती तिसऱ्या तासापर्यंत विरत नसे.

या भीतीचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. बाई मुळात शिवणाच्या शिक्षिका. वडील शिंपी, त्यांच्या हाताखाली बाईंचे बालपण चिंध्या वेचण्यात आणि काजे करण्यात गेले. त्या शाळेत रुजू झाल्या त्याच वर्षी शिवण हा विषय वेळापत्रकातून गेला, आणि त्याच महिन्यात संगीताचे सर नोकरी सोडून गेले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावले, कॅसेटींचे एक खोके, एक टेपरेकॉर्डर आणि संगीतरचनेवरचे एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हवाली केले आणि ‘तूर्त सांभाळा’ एवढेच सांगितले. ते ‘तूर्त’ तेवीस वर्षे चालले. बाईंचा गळा बेताचा होता. वाद्य म्हणाल तर शिवणयंत्राखेरीज कशालाच त्यांचा हात लागला नव्हता. पुस्तक त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले, समासात बारीक अक्षरात शंका लिहिल्या, आणि त्या विचारायला कोणी नाही म्हणून उत्तरेही स्वतःच शोधली. परंतु आपण उसन्या खुर्चीवर बसलो आहोत, आणि एक दिवस कोणीतरी दारात उभे राहून ‘तुम्हाला इथे कोणी बसवलं?’ असे विचारणार, ही धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

आणि तरी, हे सांगितलेच पाहिजे, बाई उत्तम शिकवीत.

रचनेचा घाट कसा असतो, म्हणजे एखादी सुरावट येते, जाते, मध्ये दुसरे काही घडते आणि मग पहिली पुन्हा कशी परतते, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शब्दांनी समजावणे अवघड. बाईंनी शब्दांचा नाद सोडला आणि कापड घेतले. मुख्य सुरावट म्हणजे निळा तुकडा. तिच्याहून वेगळे काही सुरू झाले की दुसऱ्या रंगाचा तुकडा. निळे परतले की पुन्हा निळा. मुलांनी डोळे मिटून ऐकायचे, रंग बदलला असे वाटले की हात वर करायचा, आणि शेवटी ते तुकडे एकापुढे एक शिवून प्रत्येकाने त्या रचनेची पट्टी करायची. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या टोकाच्या वर्गात खिळ्यांना अशा शेकडो पट्ट्या लोंबत होत्या. नव्याने येणाऱ्याला वाटे, येथे बहुधा झेंडे तयार होतात. धसमुसळी मुलेसुद्धा सुई बोटात घुसवून घेत का होईना, पण पट्टी शिवत. आणि एकदा स्वतःच्या हाताने शिवलेला घाट कोणी सहसा विसरत नसे.

सर्वांत जास्त पट्ट्या एका रचनेच्या होत्या. व्हायोलिने आणि बासऱ्या यांच्यासाठी लिहिलेली ती छोटी, ठुमकत चालणारी रचना बाई प्रत्येक वर्षी पहिली शिकवीत, कारण तिच्याइतका सरळ घाट खोक्यातल्या दुसऱ्या कोणत्याच कॅसेटवर नव्हता. निळे, पिवळे, निळे. जाऊन परत येणे, बस्स.

यंदाच्या आठवीत एकतीस मुले होती. त्यांत एक किडकिडीत मुलगी होती, जिला सारा वर्ग टाचणी म्हणे. एक तर ती तशी दिसे, आणि दुसरे म्हणजे जे कोणाला खुपत नाही ते तिला खुपे. सहामाहीच्या सुमारास उजळणीसाठी ही रचना ऐकताना तिने हात वर केला, तोही भलत्याच जागी, दुसरे निळे सुरू होऊन चार-सहा सूर होतात न होतात तोच. बाईंनी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, इथे निळ्याला निळं जोडलंय. टाका लागतो हाताला.” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले की टाचणीला सगळीकडे टाकेच दिसणार. वर्ग हसला. बाईही हसल्या, भास होतो असा कधीकधी म्हणाल्या, आणि पुढे गेल्या. मात्र त्या दिवशी घरी जाताना त्यांचे हात कारण नसताना गार पडले होते.

आता परीक्षेचे. आतापर्यंत संगीताची परीक्षा बाईच घेत, बाईच तपासत. यंदा वरच्या कार्यालयाने ठरवले की आठवीची श्रवणपरीक्षा बाहेरचा परीक्षक येऊन घेईल. मुख्याध्यापिका स्पष्टवक्त्या होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की निकाल चांगला लागला तर संगीताचा तास टिकेल. नाहीतर पुढच्या वर्षी त्या जागी गणिताचा जादा तास येईल, आणि मग तुमचे काय करायचे ते मलाही ठाऊक नाही. शिकवलेल्या रचनांची यादी कार्यालयाने मागवली होती. ती बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि पहिल्या क्रमांकावर, पोरांना झोपेतही येईल म्हणून, ती ठुमकत चालणारी रचना घातली. परीक्षेत वाजवले जाणारे ध्वनिमुद्रण कार्यालयाचे स्वतःचे असणार होते, ही गोष्ट परिपत्रकाच्या सातव्या कलमात होती. बाईंनी ती वाचली होती. तिच्यात घाबरण्यासारखे काही आहे असे, आश्चर्य म्हणजे, त्यांना वाटले नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांची लेक कामावरून आली, आईचा उतरलेला चेहरा पाहिला, आणि तिला बरे वाटावे म्हणून ती रचना मोबाइलवर शोधून लावली. वर चिडवलेही, की तुझ्या त्या खरखरीत कॅसेटपेक्षा हे ऐक, निदान वाद्यांना सर्दी झालेली नाही.

निळे आले. पिवळे आले. निळे परतले. बाईंची बोटे शेंगा सोलतच होती. आणि निळे संपण्याच्या जागी संपले नाही. त्याखालून एक जड, खर्जातली सुरावट वर आली, जी बाईंनी जन्मात ऐकली नव्हती. मिनिटभर ती अंधाऱ्या जिन्यावरून कोणी सामान उतरवावे तशी चालली, आणि मग निळे पुन्हा, तिसऱ्यांदा, आले आणि संपले.

“आई, टरफलांसकट दाणे टाकतेयस,” लेक म्हणाली.

बाईंनी रचना पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांना आठवले. विसरल्या होत्या असेही म्हणता येणार नाही. भीतीने ते आठवण्याच्या जागेवरून उचलून मनात कोठेतरी खोल ठेवून दिले होते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे बावीस वर्षांपूर्वी, टेपरेकॉर्डरने ती कॅसेट गिळली होती. झाकण उघडले तर फितीचा हा एवढा गुंता यंत्राच्या दातांत. नेमकी त्याच वेळी व्हरांड्यात मुख्याध्यापकांची पावले वाजली. बाईंनी झाकण दाबून बसवले, आवाजाचे बटण शून्यावर आणले आणि जीव मुठीत धरून उभ्या राहिल्या. पावले पुढे निघून गेली. कॅसेट शाळेच्या मालकीची, आपण तात्पुरत्या. मोडली म्हणून सांगावे तर उद्या घरी बसावे लागेल, अशी त्यांची समजूत. त्यांनी ती पिशवीत घालून घरी नेली, पाच बारीक स्क्रू काढले आणि वडिलांच्या कात्रीने शस्त्रक्रिया केली. वडिलांचा दंडक असा होता की चौकड्यांचे कापड फाटले तर फाटले तेथे कापायचे नाही. अलीकडे-पलीकडे नक्षी जुळेल तेथे कापायचे, म्हणजे सांधा कोणाला दिसत नाही. बाईंनी तो तंतोतंत पाळला. गुंत्याच्या अलीकडे एक सुरावट सुरू होत होती. गुंत्यापलीकडे, जरा पुढे, हुबेहूब तीच सुरावट पुन्हा सुरू होत होती. नक्षी जुळली. त्यांनी मधली नऊ हात फीत कापून टाकली, टोकाला टोक भिडवले, पाठीमागून चिकटपट्टी लावली. घाट म्हणजे काय हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. पुस्तकाचे ते प्रकरण त्यांनी पुढे सहा महिन्यांनी वाचले. सांधा मात्र इतका सुबक झाला होता की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला होता.

बावीस वर्षे. दर वर्षी तीस-पस्तीस मुले. बाईंनी बेरीज करायला घेतली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

ती रात्र त्यांनी कशी काढली हे सांगण्यासारखे नाही. सकाळी सात वाजता त्या शाळेत हजर होत्या. वर्ग रिकामा होता. खिळ्यांवरच्या पट्ट्या खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने हलत होत्या, त्यांतल्या निळ्या-पिवळ्या-निळ्या सगळ्या एकजात खोट्या. पोरांना आता सांगितले की ही रचना पाच भागांची आहे, तर ते परीक्षेच्या तोंडावर उत्तर फोडणे झाले. न सांगावे, तर ज्यांना आपण शिकवले तेच तोंडघशी पडणार. उरला एकच मार्ग. बाई जिना उतरून मुख्याध्यापिकांच्या खोलीपर्यंत गेल्या. सांगायचे वाक्य त्यांनी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर घोकले होते. परंतु मुख्याध्यापिकांनी कागदावरून नजर वर केली आणि त्याच आधी म्हणाल्या की असा पांढराफटक चेहरा करून वर्गात जाऊ नका, मुले घाबरतील. आणि परीक्षक आलेसुद्धा आहेत. बाईंच्या तोंडून फक्त ‘बरं’ एवढेच निघाले. त्या ‘बरं’ची लाज त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली.

परीक्षक उंच, वाकलेले, मितभाषी गृहस्थ होते. खिशाला दोन पेने, एक काळे आणि एक लाल. त्यांनी प्रत्येक मुलाला दहा रिकाम्या चौकटींचा एक कागद दिला. रचना दोनदा वाजेल. तिचे भाग ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने, या वर्गाच्या रीतीप्रमाणे, रंग लिहायचे. उरलेल्या चौकटी कोऱ्या ठेवायच्या. विषयशिक्षकाने मागे बसावे, बोलू नये, खुणा करू नयेत. बाई मागच्या भिंतीला, पट्ट्यांखाली, खुर्चीच्या कडेवर बसल्या.

पहिली रचना कोणती लागणार हे त्यांना पहिला सूर येण्याआधीच कळले होते.

निळे. एकतीस पेने चालली. पिवळे. पुन्हा चालली. निळे परतले, आणि निम्म्याहून अधिक मुलांनी तिसरी चौकट भरून पेन ऐटीत खाली ठेवले. झोपेतही येणारी रचना होती ती. बाईंना संगीत भिंतीपलीकडून यावे तसे ऐकू येत होते. मग खर्जातली ती सुरावट वर आली. एक डोके वळले. मग दुसरे. मग एकामागून एक पाच-सहा चेहरे मागे वळून बाईंकडे पाहू लागले, आणि परीक्षकांनी पेनाने टेबलावर टकटक केले. बाईंनी नजर जमिनीवर खिळवली. चेहऱ्यावरून काही कळले तर ती खूण ठरेल, याची भीती होती. आणि खरे तर त्याहून मोठी भीती त्या नजरांचीच होती. टाचणी तेवढी वळली नाही. ती कागदावर ओणवी होऊन लिहीत होती.

दुसऱ्यांदा वाजवताना काहींनी खाडाखोड केली. काही जण हाताची घडी घालून स्वस्थ बसून राहिले. त्यांच्या बसण्यात निर्धास्त विश्वास होता, की बिघडले असेल तर ते यंत्र बिघडले असेल, आपल्या बाई नव्हेत.

परीक्षकांनी कागद गोळा केले, उभ्या उभ्या चाळले आणि दोन गठ्ठे केले. एक मोजला, सतरा. दुसरा मोजला, चौदा. मग लाल पेन काढून त्यांनी दुसऱ्या गठ्ठ्यातला एकेक कागद पुन्हा तपासला. मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या होत्या.

“चौदा जणांनी एकच चूक केली आहे,” परीक्षक म्हणाले. “अक्षरशः एकच. हे ऐकून लिहिलेलं नाही. ही नक्कल आहे. मला परीक्षा इथेच थांबवावी लागेल.”

बाई उठल्या. उठल्या म्हणजे काय, तर आपण उभ्या आहोत हे त्यांना मागाहून कळले. त्यांनी एका हाताने बाकाची कड धरली.

“त्यांनी नक्कल केलेली नाही,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे. बावीस वर्षांपूर्वी कात्रीने केलेली.”

आणि मग त्यांनी सारे सांगितले: गुंता, पावले, वडिलांचा दंडक, नऊ हात फीत. वाक्ये धड जुळत नव्हती, मधले आधी आणि आधीचे नंतर येत होते. मुख्याध्यापिकांचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. सांगून झाल्यावर बाईंनी कपाटातून ती कॅसेट काढून परीक्षकांपुढे ठेवली. आरोपीने हत्यार ठेवावे, तशी.

परीक्षकांनी ती लावायला सांगितली. कान यंत्राजवळ नेऊन ऐकली. “कुठे आहे सांधा?” बाईंनी जागा सांगितली. त्यांनी फीत मागे नेली, पुन्हा ऐकली, कपाळाला आठ्या घातल्या, तिसऱ्यांदा ऐकली. त्यांना काही सापडेना. शेवटी पुढच्या बाकावरून टाचणीला राहवले नाही. दुसरे निळे सुरू झाले, चार-सहा सूर गेले, आणि ती हळूच म्हणाली, “आत्ता.”

परीक्षक ताठ झाले. आपल्याला तीस वर्षांच्या अनुभवानंतरही हे ऐकू आले नाही, असे त्यांनी काहीशा रुक्षपणे मान्य केले. मग बाईंकडे वळून म्हणाले, “अहवालात लिहावं लागेल हे. तुमच्या नावानिशी.”

“लिहा,” बाई म्हणाल्या. आवाज अगदीच बारीक निघाला, पण निघाला.

नियमात राखीव रचनेची सोय होती. कोणी न ऐकलेली एक रचना परीक्षकांनी त्याच तासाला सगळ्या वर्गाला दोनदा वाजवून दाखवली. चौदांपैकी तेरा जणांनी तिचा घाट बरोबर लिहिला. चौदाव्याने चुकीचा लिहिला. पण ती चूक सर्वस्वी त्याची स्वतःची होती, आणि बाईंना तीही त्या दिवशी गोड वाटली.

अहवालाचे उत्तर यायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे बाईंनी पोस्टमनच्या सायकलीची घंटा ऐकत काढले. दोन ओळींचे पत्र आले. संगीताचा तास आणखी एक वर्ष ठेवावा. संबंधित शिक्षिकेस शाळेच्या साहित्याचे नुकसान लपवल्याबद्दल लेखी समज द्यावी. मुख्याध्यापिकांनी पत्र वाचून दाखवले, घडी घातली आणि एवढेच विचारले की बावीस वर्षे हे पोटात ठेवून तुम्ही जेवत कशा होतात. प्रश्न रागाने विचारला होता की मायेने, हे बाईंना नीट कळले नाही.

त्याच आठवड्यात आठवीचा तास झाला. बाईंनी त्या रचनेच्या सगळ्या पट्ट्या खिळ्यांवरून उतरवून टेबलावर ढीग केला. लेकीने आणून दिलेल्या नव्या यंत्रावर संपूर्ण रचना लावली, आणि मुले दुसऱ्या निळ्याच्या कडेची शिवण उसवायला बसली. म्हणजे तेथे हिरवा तुकडा लावायचा आणि मग आणखी एक निळा. ‘आता टाचणीलाही उसवू या’ असे कोणीतरी मुद्दाम म्हणाले, तेव्हा टाचणीने त्याच्या बोटाला सुई दाखवली. पट्ट्या एकंदर सहाशेहून अधिक होत्या. ज्यांनी त्या शिवल्या त्यांतले कित्येक आता स्वतः आईबाप झाले असतील, आणि त्यांच्या डोक्यात ती रचना अजून निळी, पिवळी, निळीच असेल. त्यांच्यापर्यंत कात्री पोहोचणार नव्हती. हा विचार आला की बाईंचे हात आजही गार पडत.

खर्जातली सुरावट सुरू झाली होती, तोच व्हरांड्यात पावले वाजली. बाईंचा उजवा हात उठला, यंत्राकडे गेला आणि आवाज निम्म्यावर आला.

एकतीस डोकी वर झाली.

“बाई, आवाज,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले.

पावले दाराजवळ येऊन रेंगाळली. बाईंनी हात तसाच बटणावर ठेवला, एकवार दाराकडे पाहिले, आणि ते बटण उलट दिशेने फिरवले.